ग्राफ्ट भरा, ठासू नका!

‘सहा महिने झाले, एक्स-रेमध्ये अजून दाणे दिसतायत. माल हलका दिलात का?’ दात काढल्यावर सॉकेटमध्ये, म्हणजे दाताच्या खड्ड्यात, हाड भरून यावं म्हणून जे दाणेदार ग्राफ्ट भरतात, ते आम्ही पुरवतो. त्याबद्दल महिन्याला असे दोन-चार फोन येतात, म्हणून डेंटिस्ट मंडळींसाठी हे पत्रक.

माल तोच आहे, ६० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि ४० टक्के बीटा-टीसीपी. दोन्ही कॅल्शियम फॉस्फेटची सिरॅमिकच, पण हाडाच्या पेशी दोघांशी सारख्या वागत नाहीत. बीटा-टीसीपी लवकर झिजतं. हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी त्यावर बसून आम्ल सोडतात, ते पोखरतात आणि मागून हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवं हाड घालतात. हायड्रॉक्सीॲपेटाइट मात्र वर्षानुवर्षं राहतं. ते राहावं म्हणूनच घातलेलं असतं, नाहीतर रिज, म्हणजे जबड्याच्या हाडाची कडा, खाली बसेल. त्यामुळे पांढरे दाणे दिसले तर दिसू द्या. ग्राफ्ट आणि सॉकेटची भिंत यांच्यामध्ये काळी रेघ दिसली, तर मात्र जरूर फोन करा.

खरं दुखणं वेगळंच आहे. व्हायलला, म्हणजे दाण्यांच्या कुपीला, पैसे मोजलेत, चार दाणेही वाया जायला नकोत, म्हणून प्लगरने (दाबून भरायच्या अवजाराने) लोणच्याच्या बरणीसारखं दाबून भरलं जातं. पण पेशींची वाट दाण्यांमधल्या फटींतूनच जाते. आधी तिथे रक्त शिरून गोठतं. रक्तातली प्रथिनं दाण्यावर बसतात आणि पेशी सिरॅमिकला नाही, त्या प्रथिनांच्या थराला धरतात. मग केशवाहिन्या, मग हाड. १०० मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा) अरुंद जागेत हाड नीट शिरत नाही. ३०० च्या पुढे चांगलं शिरतं. ठासलं की फटी बुजतात, वर दाण्यांचा चुरा होतो. तो चुरा मॅक्रोफेज, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी, गिळत बसतात, सूज हटत नाही आणि हाडाऐवजी तंतुमय ऊतक भरतं.

मागे एका डॉक्टरांनी पाचव्या महिन्यात सॉकेट उघडलं, तर क्युरेटबरोबर (खरवडायच्या अवजाराबरोबर) ओल्या वाळूसारखे सुटे दाणे बाहेर आले. चिडून आमच्याकडेच आले. बोलता बोलता म्हणाले, ‘अहो, अर्धा ग्रॅम बसवला मी त्यात!’ सॉकेट होतं खालच्या पुढच्या इवल्याशा दाताचं.

दाणे सॉकेटमधल्याच रक्तात भिजवा. साबुदाणा भिजल्यावर सुटा राहतो, तितपतच. थोडे थोडे सोडा, हलक्या हाताने बसवा. फटींतून रक्त आपोआप वर येताना दिसलं की बरोबर जमलं. हाडाच्या कडेपर्यंतच भरा, वर मेंब्रेन (झाकणारा पातळ पडदा), टाके ताण न देता. इम्प्लांटसाठी चार ते सहा महिने थांबा. पेशंट सिगारेट ओढणारा असेल तर घाई नकोच.

उघडलेली व्हायल आम्ही परत घेत नाही, यावरून काहीजण नाराज होतात. सील तुटलं की निर्जंतुकपणा गेला, ती दुसऱ्या पेशंटला कशी द्यायची? एका मुळाच्या सॉकेटला पाव ग्रॅम बहुधा पुरतो आणि पाव ग्रॅमची व्हायल आमच्याकडे कायम असते. ऑर्डर देताना दात कोणता तेवढं सांगा, माप आम्ही सुचवू.