जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे

नागपूर जिल्ह्यात कोराडी, उमरेडकडे खाणीची किंवा वीजकेंद्राची जनसुनावणी लागली की एक निरोप हमखास फिरतो: "गर्दीने या, विरोधाचे हात जास्त वर झाले की प्रकल्प रद्द, कोणी आलंच नाही तर मंजूर."

हे चुकीचं आहे, आणि त्यामुळे लोकांचंच नुकसान होतं.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेचं परिशिष्ट ४ वाचा. त्यात मतमोजणी कुठेच नाही. सुनावणी सुरू व्हायला गणपूर्तीचीही अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी ती होते. मग मोजतात काय? मुद्दे. पाणी कुठून घेणार, राख कुठे टाकणार, शेताला धूळ किती लागणार. असा प्रत्येक प्रश्न इतिवृत्तात यावा लागतो आणि प्रकल्पवाल्याला पर्यावरण परिणामांच्या अंतिम अहवालात त्याची दखल घ्यावी लागते. नुसत्या "आमचा विरोध आहे" या घोषणेला उत्तर काय देणार? विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते सांगितलं, तर उत्तर द्यावंच लागतं.

शेवटी इतिवृत्त मराठीतून वाचून दाखवतात. तोवर थांबाच, आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच सांगता येतं.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. नागपूर शहरात राहणाऱ्यांनाही, प्रकल्पाशी संबंध येत असेल तर, लेखी हरकत पाठवता येते.