हर्सेप्टिन वर्तमानपत्रांनी मंजूर करून घेतलं?

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने कोणती औषधं द्यावीत हे ‘नाइस’ ही संस्था ठरवते. तिने स्तनाच्या कर्करोगावरचं हर्सेप्टिन नाकारलं, मग वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि तिला झुकावं लागलं, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. ती चुकीची आहे.

पसरलेल्या कर्करोगासाठी नाइसने हे औषध 2002 मध्येच मान्य केलं होतं. 2005 चा गदारोळ होता तो सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी. त्या वापराचा परवानाच तेव्हा नव्हता. मग नाइस नाकारणार तरी काय? नकार येत होते ते स्थानिक आरोग्य ट्रस्टांकडून, म्हणजे आपापल्या भागातल्या उपचारांचा खर्च करणाऱ्या सरकारी संस्थांकडून. स्विंडन शहरातल्या एका रुग्णाला तिथल्या ट्रस्टने औषध नाकारलं, ते प्रकरण कोर्टात गेलं. एप्रिल 2006 मध्ये अपील न्यायालयाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला, पण ‘औषध सर्वांना द्या’ असं म्हटलं नाही. पैशाचा प्रश्न नाही असं ट्रस्ट स्वतःच सांगत होता. तरीही ‘अपवादात्मक’ रुग्णांनाच औषध द्यायचं, हे धोरण तर्काला धरून नाही, एवढंच न्यायालयाचं म्हणणं. मे महिन्यात परवाना आला, ऑगस्टमध्ये नाइसची अंतिम शिफारस.

मग बातम्यांचा काहीच परिणाम झाला नाही? झाला की! आरोग्यमंत्री पॅट्रिशिया ह्युइट यांनी परवान्याआधीच ट्रस्टांवर दबाव आणला तो याच वातावरणात. आणि ट्रस्टांचं बजेट ठरलेलं. हर्सेप्टिनचे पैसे दुसऱ्या कुठल्या तरी उपचारातून काढावे लागणार होते. त्या रुग्णांचे फोटो मात्र पहिल्या पानावर आले नाहीत.