पातळ भिंतीचे ॲल्युमिनियम पार्ट मशीनिंगला देण्याआधी

“मशीनवर मापात होता म्हणता, मग आमच्या सरफेस प्लेटवर (सपाटपणा तपासायच्या टेबलावर) डोलतो कसा?” वाळूजच्या आमच्या शॉपवर हा फोन इतक्या वेळा येतो की उत्तर छापून चलनासोबतच द्यायचं ठरवलं.

आकार बिघडतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे कटर भिंतीला ढकलतो. भिंत मागे सरते, तेवढा माल कमी कापला जातो, आणि कटर पुढे गेला की भिंत परत जागेवर येते. म्हणून ती बुडाशी मापात आणि वर जाड निघते. हा हिशोब आधी करता येतो. ४० मिमी उंच, ४० मिमी रुंद आणि २ मिमी जाड पट्टी फक्त बुडाशी धरली आणि वरच्या कडेला दोन किलोचा जोर दिला, तर ती सुमारे ०.२३ मिमी वाकते. तीच ४ मिमी जाड असेल तर ०.०३ मिमी. जाडी निम्मी केली की वाकणं आठपट, उंची दुप्पट केली तरी आठपट. ही चूक प्रत्येक नगात सारखीच येते, त्यामुळे प्रोग्राममध्ये तेवढं सरकवून घेतो. त्याची काळजी तुम्ही करू नका.

दुसरं कारण ज्या ॲल्युमिनियम प्लेटमधून पार्ट कापतो तिच्या पोटात असतं. हीट ट्रीटमेंटमध्ये गरम प्लेट झटकन थंड केली की बाहेरचा थर दाबात आणि आतला ताणात अडकतो. एका अंगाने पॉकेट (खोलगट खण) काढलं की तो तोल जातो आणि पार्ट एकाच बाजूने भाजलेल्या पापडासारखा वळतो. व्हाइसच्या पकडीत असेपर्यंत हे दिसतच नाही. ६०६१ या ॲल्युमिनियमच्या ग्रेडमध्ये टी६ आणि टी६५१ या दोन हीट ट्रीटमेंटच्या प्रतींतला फरक इथे कळतो: टी६५१ प्लेट थंड केल्यावर दीड ते तीन टक्के ताणून घेतलेली असते, त्यामुळे आतला ताण बराच उतरलेला असतो.

“सॉफ्टवेअरला हे आधी कळत नाही का?” सॉफ्टवेअरला प्लेटमध्ये ताण किती आहे ते आपणच सांगावं लागतं, आणि ते प्लेटवर लिहिलेलं नसतं. म्हणून पहिला नग आम्ही रफ करतो (थोडा माल राखून ढोबळ कापतो), पकड सोडतो, कुठे किती वळला ते डायल गेज लावून बघतो आणि त्यावरून बाकीच्या लॉटचा अंदाज बांधतो. हा अंदाज त्या प्लेटपुरताच खरा.

आणि नेमकं इथेच काम अडतं. आमचा वेळ वाचावा म्हणून बरेच जण बाहेरून तुकडे कापून, फेसिंग करून (वरचा थर सपाट कापून), जाडीत जेमतेम अर्धा मिमी ठेवून पाठवतात. त्यात काही तुकडे एका प्लेटचे, काही दुसऱ्या, काही मागच्या ऑर्डरचे उरलेले. पार्ट ०.६ मिमी वळला आणि अंगावर अर्धाच मिमी असेल, तर सरळ करायला मालच राहत नाही. पहिल्या नगावरून बांधलेला अंदाजही वाया जातो, कारण पुढचा तुकडा वेगळ्याच प्लेटचा. तेव्हा तुकडे बँडसॉवरचेच पाठवा, दोन्ही बाजूंना ३-३ मिमी ठेवून. एका लॉटचा माल एकाच प्लेटमधून घ्या, प्रत्येक तुकड्यावर मार्करने प्लेट नंबर टाका आणि टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा.

कोटेशनमध्ये दोन सेटिंगं (म्हणजे पार्ट मशीनवर दोनदा पकडणं) बघून काहींना वाटतं आम्ही तास वाढवतो. एका सेटिंगमध्ये करून देणारे आहेत. जाड पार्टला आम्हीही तेच करतो. पातळ पार्टला मात्र दोन्ही बाजूंनी सारखं रफिंग करून पकड सोडावीच लागते. (रात्रभर ठेवण्याला फार महत्त्व देतात, खरं काम पकड सोडण्यानेच होतं.) मग फट असेल तिथे शिम (पातळ पत्र्याची पट्टी) देऊन बूड पुन्हा सपाट कापतो आणि हलक्या पकडीत फिनिशिंग. व्हाइसने दाबून सपाट केलेला पार्ट सोडल्यावर पुन्हा वाकडाच होतो.

उन्हाळ्यात एवढं लक्षात ठेवा: ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसची असतात. तापमान ४० अंशांवर गेलं की ३०० मिमी ॲल्युमिनियम सुमारे ०.१४ मिमी वाढतं आणि तेवढ्याच लांबीचं स्टील त्याच्या निम्मं, त्यामुळे स्टीलचा कॅलिपरही सगळी भरपाई करत नाही. टेम्पोतून उतरलेला पार्ट लगेच मोजून रिजेक्ट करू नका.

प्लेट कापण्याआधी ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवलंत तर कोणती भिंत त्रास देईल ते बघून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. टी६५१ प्लेट आमच्याकडेही असते. सांगितलंत तर तुमचा पूर्ण लॉट एकाच प्लेटमधून कापतो. माल तुमचा असेल तर ऑर्डरपेक्षा एक-दोन तुकडे जास्त पाठवा, पहिला नग आम्हाला मोजण्यासाठी लागतो.