गोव्यातला 'ओपिनियन पोल' सर्व्हे नव्हता: 'पोल' शब्दाची पार्श्वभूमी

दरवर्षी १६ जानेवारी जवळ आली की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत 'ओपिनियन पोल' हे दोन शब्द पुन्हा दिसू लागतात आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला हमखास चकवतात. त्याच्या लेखी ओपिनियन पोल म्हणजे निवडणुकीआधी टीव्हीवर येणारा अंदाज. काही हजार लोकांना विचारलं, टक्के काढले, झालं. १९६७ साली गोव्यात, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं यावर, जे झालं ते तसलं काही नव्हतं. मतदारयादी होती, मतपत्रिका होत्या, पेट्या होत्या आणि त्यामागे संसदेनं मुद्दाम केलेला कायदा होता. तरीही नाव पडलं ते हेच.

'पोल'चा मूळ अर्थ डोकं. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द डोक्याला, त्यातही केसांच्या भागाला वापरत. शेंडा छाटलेलं झाड ते 'पोलार्ड', शिंगं नसलेली गुरं ती 'पोल्ड', बेडकाचं डोकंच डोकं असलेलं पिल्लू ते 'टॅडपोल'. दर डोई घेतला जाणारा कर तो 'पोल टॅक्स'. त्यानं १३८१ साली इंग्लंडात शेतकऱ्यांचा उठाव घडवला आणि १९९० साली लंडनमध्ये दंगल. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या हिंदूंवर बसवलेला शेंडी कर याच जातीचा. विजेचा पोल मात्र वेगळा. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग निराळं आहे, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. आणि 'पोल खोलणे' यातला पोल तर अस्सल आपला, पोकळपणाचा. निवडणुकीच्या दिवसांत मथळे लिहिणाऱ्यांची त्यावर चंगळ होते.

डोकी मोजण्यावरून मतं मोजणं आणि मत देणं हे अर्थ पुढे आले. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघड होतं. कोणी कोणाला मत दिलं हे 'पोल बुक'मध्ये नोंदवत आणि ही पुस्तकं पुष्कळदा छापूनही निघत. नमुना निवडून लोकांचा कल काढणं हा अर्थ मात्र विसाव्या शतकातला. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एका साप्ताहिकाकडे वीस लाखांवर पत्रोत्तरं जमली आणि तरी त्याचा अंदाज साफ चुकला. नीट निवडलेल्या लहान नमुन्यानं विजेता बरोबर सांगितला. तेव्हापासून जगभर 'ओपिनियन पोल' म्हणजे सर्व्हे. म्हणजे गोव्याच्या कायद्यानं हे नाव घेतलं तेव्हा ते आधीच दुसऱ्या अर्थानं रुळलेलं होतं.

मग तेच का घेतलं? माझ्या मते नेमकं त्याच कारणासाठी. लोकांना थेट विचारण्यासाठी दुसरे शब्द हाताशी होते. १९४७ साली सिल्हेटमध्ये आणि वायव्य सरहद्द प्रांतात झालं त्याला 'रेफरेंडम' म्हटलं गेलं, १९४८ साली जुनागढमध्ये झालं ते 'प्लेबिसाइट'. पण तिन्ही ठिकाणी प्रश्न कोणत्या देशात जायचं हा होता. शिवाय साठच्या दशकात 'प्लेबिसाइट' म्हटलं की दिल्लीला काश्मीर आठवे. गोवा भारतात आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. तो १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला तेव्हाच, निकालात निघाला होता. शिवाय घटनेत सार्वमताची तरतूद नाही. कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. लोकांनी द्यायचं ते फक्त मत, निर्णय दिल्लीचा. या रचनेला 'ओपिनियन' हा हलका शब्द सोयीचा होता. १९७५ साली सिक्कीममध्येही सरकारी कागदांत 'रेफरेंडम' टाळून 'स्पेशल ओपिनियन पोल' म्हटलं गेलं, ते योगायोगानं नसावं.

मराठीत आणि कोकणीत मात्र या हलक्या शब्दाचा 'जनमत कौल' झाला आणि त्याचं वजन एकदम वाढलं. गोव्यात कौल म्हणजे देवाचा. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी हे बघायचं. कौल मिळाला की त्यावर चर्चा नाही. कायद्याच्या भाषेत जो सल्ला होता, तो लोकांच्या भाषेत हुकूम ठरला. व्यवहारातही तसंच झालं: कायदा काहीही म्हणो, निकालानंतर तो डावलायची हिंमत दिल्लीत कोणी केली नाही.

खरा वाद मात्र नावाआधीचा होता. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी पक्ष सत्तेवर आला. आमच्या जाहीरनाम्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं लिहिलं होतं, लोकांनी निवडून दिलं, आता वेगळा कौल कशाला, हे त्यांचं म्हणणं. १९६५ साली गोव्याच्या विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं त्याला दुजोरा दिला. विरोधकांचं उत्तर असं की निवडणुकीत माणूस कुळाची जमीन, शाळा, भाटकाराचा (जमीनदाराचा) जाच, जात असं सगळं एका मतात घालतो. त्यातून विलीनीकरणाचं 'हो' वेगळं कसं काढणार? नव्यानं विधानसभा निवडणूक घ्यावी आणि तिलाच कौल मानावं, हा पर्यायही चर्चेत आला. विरोधकांनी तो मानला नाही, आणि पुढे जे घडलं ते पाहता त्यांनी बरोबर ताडलं होतं.

डिसेंबर १९६६ मध्ये कायदा झाला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मंत्रिमंडळ पायउतार झालं, राष्ट्रपती राजवट आली. गोव्यापुढे दोनच पर्याय ठेवले: महाराष्ट्रात विलीनीकरण, त्याची खूण फूल, किंवा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणं, त्याची खूण दोन पानं. (पाकळ्यांचा कौल घेणाऱ्या प्रदेशात एका बाजूला फूल देणाऱ्याला हे सुचलं नसावं.) दमण आणि दीवला गुजरातबद्दल वेगळं विचारलं. मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या हजारो गोंयकारांना मत मिळालं नाही. ते मिळतं तर आकडा कुठे गेला असता यावर आजही गोव्यात तासभर वाद घालता येतो.

प्रचाराची एक गोष्ट मराठी वाचकांनी विसरू नये. विलीनीकरणाविरुद्धची सर्वांत धारदार मोहीम मडगावच्या एका दैनिकानं चालवली, आणि ते दैनिक मराठी होतं. महाराष्ट्रात जायचं नाही, हे गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांना मराठीतून पटवलं गेलं. 'मराठीवाले तिकडे, कोकणीवाले इकडे' अशी सरळ रेघ नंतरच्या भाषावादानं मागे ओढलेली आहे.

निकाल: विलीनीकरणासाठी १,३८,१७० मतं, केंद्रशासित प्रदेशासाठी १,७२,१९१. फरक ३४,०२१. विलीनीकरणाच्या बाजूला चाळीस टक्क्यांहून अधिक मतं होती, हे आजच्या उत्सवी भाषणांत क्वचितच ऐकू येतं. आणि दोन-अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, त्याच मतदारांनी विधानसभेत पुन्हा विलीनीकरणवादी पक्षालाच सत्ता दिली. निवडणूक म्हणजेच कौल असं धरलं असतं, तर त्या वर्षी गोव्याचं उत्तर उलटं लिहिलं गेलं असतं.

आता हा दिवस 'अस्मिताय दीस' म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी गोव्याला राज्य मिळालं असं अर्धवट ऐकलेली पिढी तयार झाली आहे. मतपत्रिकेवर घटक राज्याचा पर्यायच नव्हता. ते ३० मे १९८७ ला मिळालं, त्याच वर्षी फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाल्यानंतर. त्या कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामासाठी वापरण्याची मुभा राहिली. 'मुभा' आणि 'दर्जा' यांतलं भांडण अजून चालूच आहे, तो वेगळा विषय.

'पोल'चे बाकीचे आजचे उपयोग त्यामानानं निवांत आहेत. मतदान सुरू होण्याआधी एजंटांसमोर यंत्रावर किमान ५० मतं टाकून बघतात तो मॉक पोल. संगणकात एखाद्या उपकरणाला 'काही आहे का?' असं सारखं विचारत राहणं म्हणजे पोलिंग. सर्वांत गमतीचा कंपनी कायद्यातला: सभेत हात वर करून घेतलेल्या मतदानात माणशी एक मत, पण कोणी 'पोल' मागितला की शेअरप्रमाणे मतं. डोकं असा मूळ अर्थ असलेला शब्द तिथे डोकी सोडून भांडवल मोजतो.

एक्झिट पोल प्रसिद्ध करण्यावर २००९ च्या दुरुस्तीनं मतदान संपेपर्यंत बंदी आली. गोव्यात तो एरवीही अवघडच. मतदारसंघ ४०, प्रत्येकात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार, त्यात चौरंगी-पंचरंगी लढती. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल शंभरहून कमी मतांनी लागला. त्या वर्षी बहुतेक एक्झिट पोलनी त्रिशंकू विधानसभा सांगितली होती, प्रत्यक्षात सत्ताधारी पक्ष ४० पैकी २० जागांवर पोचला. दोन-तीन हजारांच्या नमुन्यात सांत आंद्रेच्या वाट्याला फार तर सत्तर-पंचाहत्तर माणसं येतात.