मानशीचं दार कोण लावतं?

गोव्यात कुठे खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटला की कारण तयारच असतं: समुद्राची पातळी वाढली. पातळी वाढतेय हे खरं आहे. पण भरतीच्या रेषेखाली असलेली ही शेती शेकडो वर्षं टिकली कशी, हे समजून घेतल्याशिवाय ती आज का बुडते हे कळायचं नाही.

मांडवी, जुवारी आणि इतर खाड्यांच्या काठची सुमारे १८ हजार हेक्टर जमीन खाजनाची. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला ही कथा गोड आहे, पण श्रेय तिला देऊ नये. ही जमीन गावकरीतल्या, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेतल्या, माणसांनी पाटीपाटीने चिखल टाकून मिळवली. १५२६ साली पोर्तुगीजांनी गावकरीचे रिवाज लिहून घेतले, तेव्हाही ते जुनेच होते.

बांध कुणालाही सुचेल. खरी करामत आहे मानशीत, म्हणजे बांधातल्या पाणदारात. मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधावर उभं राहून मी ते बराच वेळ पाहिलं. लाकडी दार नदीच्या बाजूलाच उघडतं, आतल्या बाजूला चौकट त्याला अडवते. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरती वळली की तीच नदी दार चौकटीवर दाबून बसवते. दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी हेच, ना मोटर ना पहारेकरी.

दाब किती, ते पाहू. दार १ मीटर रुंद, आत पाणी नाही आणि बाहेर तळापासून १० सेंटिमीटर पाणी: दारावर जेमतेम ५ किलो भार. पाणी १ मीटर झालं की ५०० किलो, आणि २ मीटरला २ टन! उंची दुप्पट, तर जोर चौपट. कारण खोलीबरोबर दाब वाढतो आणि भिजलेलं क्षेत्रफळही वाढतं; दोन्हींचा गुणाकार होतो. म्हणजे भरती जितकी मोठी, तितकं दार घट्ट. धोक्यालाच राखणदार केलंय.

आतल्या बाजूला पोंय, म्हणजे सखल तळं. पावसाळ्यात डोंगरावरून येणारं पाणी ओहोटीची वाट पाहत इथे थांबतं. जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुतो, मग खारं सोसणारा कोरगुट भात पेरतात. कापणीनंतर मात्र थोडं खारं पाणी मुद्दाम आत घेतात. त्याने तण मरतं, आणि पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि शेवटे, चोणक हे मासे आत येऊन वाढतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासळी मिळते.

या मासळीचा लिलाव होतो, आणि दुखणं तिथेच आहे. भातापेक्षा सुंगटांना पैसा जास्त, म्हणून जास्त मासळी आत यावी यासाठी काही ठिकाणी दार अडकवून उघडं ठेवतात. मग दिवसातून दोनदा खारं पाणी थेट शेतात. मुळाबाहेर मीठ जास्त झालं की शेत पाण्याने भरलेलं असूनही रोपाला ते पाणी ओढता येत नाही. शेजारचा शेतकरी पेरणी सोडतो, आणि ज्याचं शेत पडीक झालं तो बांधावर फेरी मारायला कशाला जाईल?

फेरी कशासाठी, तर कुर्ल्यांसाठी, म्हणजे खेकड्यांसाठी. बांधात कुर्ली बोटभर रुंद बीळ करते. भरतीचं पाणी त्यातून वाहू लागलं की जाताना कडेची माती घेऊन जातं. बीळ रुंदावतं, पाणी वेग धरतं, आणखी माती जाते. बीळ दिसलं की त्याच ओहोटीत चिखलाचा गोळा आत दाबून टाचेने घट्ट करायचा असतो.