दरज झिजावी, दगड नव्हे

जुन्या दगडी भिंतीला ओल आली की सल्ला ठरलेला: दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून टाका, पक्कं काम होईल. मुंबई उच्च न्यायालयाची फोर्टमधली इमारत डोळ्यांसमोर आणली, की हा सल्ला कुठे चुकतो ते कळतं.

कर्नल जेम्स फुलर यांनी गॉथिक शैलीत आखलेली ही इमारत १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिली. लांबी ५६२ फूट. टिळकांवरचा १९०८चा राजद्रोहाचा खटला इथलाच. भिंतींचा मुख्य दगड निळसर काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात पाणी जवळपास शिरतच नाही. मग पावसाळ्यात मुरलेलं पाणी बाहेर पडणार कुठून? चुन्याने भरलेल्या दरजांतून.

चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून वाळूबरोबर दरजेत भरला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीच होतो, पण बारीक छिद्रं राखून. भिंतीच्या पोटात हवा फार सावकाश पोचते. म्हणून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालतात. तिच्यातली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि मसाला, म्हणजे हे चुना-वाळूचं मिश्रण, हवेविनाही धरतो. जुना चुना टिकला तो गूळ-बेलफळ घातल्यामुळे, असं गुपित सांगणाऱ्यांनी हे रसायन आधी वाचावं. ती फोडणी आहे, वरण नव्हे.

सिमेंटची दरज ही छिद्रं बुजवते. कोंडलेली ओल मग शेजारच्या मऊ दगडातून वाट काढते. फोर्टमधल्या अनेक जुन्या इमारतींच्या नक्षीला पोरबंदरचा सच्छिद्र चुनखडी दगड आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात, दाब वाढतो आणि नक्षीचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटमधून येणारे सल्फेट त्यात भर घालतात.

दुरुस्ती करताना जुना मसाला हाताच्या छिन्नीने, दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल काढावा. ग्राइंडर घसरला की दगडाची कड गेलीच. धूळ झाडून दरज भिजवावी, पण पाणी साचू देऊ नये. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू घेऊन मसाला थराथरानं दाबून भरावा. वर ओलं गोणपाट हवंच. कोरड्या चुन्यात कार्बन डायऑक्साइड विरघळायला पाणीच उरत नाही. उन्हानं घाईत सुकलेली दरज नखानं खरवडली तरी भुगा पडतो. भर पावसात तर हे काम काढूच नये, कच्चा चुना वाहून जातो.