बांधावरच्या फुलपाखरांची मोजदाद

फुलपाखरं बघायची म्हटलं की आपली मंडळी गाडी काढून थेट आंबोली गाठतात. सह्याद्रीत प्रजाती जास्त, यात वाद नाही. पण मोजणीला माणसं हवी आहेत ती मराठवाड्यात. २०२० पासून देशभरातले हौशी लोक सप्टेंबरात ‘बिग बटरफ्लाय मंथ’, म्हणजे फुलपाखरांच्या नोंदींचा महिना, पाळतात, आणि सप्टेंबर हा आपल्याकडेही हंगाम: तरोटा गुडघ्याच्या वर गेलेला, ओढ्याला पाणी. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात जाता आलं तर उत्तमच, नाहीतर गावाबाहेरची पाणंदही चालते.

पद्धत साधी आहे. अर्नेस्ट पोलार्ड या परिसरशास्त्रज्ञाने ती ब्रिटनमध्ये बसवली आणि १९७६ पासून तिथे देशपातळीवर तशी गणना चालू आहे. एकच वाट ठरवायची, संथ चालायचं, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर व पुढे पाच मीटर एवढ्या टप्प्यात दिसेल तेवढंच मोजायचं. पलीकडच्या रानात कितीही सुंदर काही उडालं तरी ते हिशेबात नाही. नवख्यांना हेच सगळ्यात जड जातं! पहाटे उठायचीही गरज नाही. फुलपाखराला अंगची ऊब नसते. उन्हात पंख पसरून शरीर तापल्याशिवाय त्याचे स्नायू नीट चालत नाहीत. नऊनंतर, ऊन असताना निघावं.

खरी परीक्षा ओळखण्याची. रुईभोवती रेंगाळणारं नारिंगी ‘प्लेन टायगर’ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याची अळी रुईची पानं खाते, त्यातलं विष अंगात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. या दराऱ्याचा फायदा ‘डॅनाइड एगफ्लाय’ची मादी उचलते. अंगात विष नाही, पण रंग हुबेहूब तोच. (नर मात्र काळा, पंखांवर पांढरे ठिपके, एकाच जातीचे म्हणून सांगितलं तर पटत नाही.) फरक मागच्या पंखात आहे. प्लेन टायगरच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. नकलाकार मादीच्या पंखावर वरच्या कडेजवळ एकच. म्हणून फोटो काढताना मागचा पंख पूर्ण आला पाहिजे, नाहीतर नोंद ‘टायगर किंवा एगफ्लाय’ अशी लटकते.

ओढ्याच्या ओल्या वाळूवर फिकट पिवळसर ‘एमिग्रंट’ दाटीवाटीने बसलेली दिसली तर ती बहुधा नरांची पंगत असते. पाण्याबरोबर ते क्षार, मुख्यतः सोडियम शोषून घेतात आणि त्यातला वाटा मीलनावेळी मादीला देतात. मादी तिकडे तरोट्यावर नाहीतर तरवडावर अंडी घालत असते. थवा मोजताना पाच-पाचचे गट पाडावेत.

“काय मोजायलाव बाप्पा?” असं शेतकरी विचारतातच. रास्त प्रश्न आहे. एका सकाळच्या आकड्याला फारशी किंमत नाही. त्याच वाटेवर वर्षानुवर्षं मोजलं तरच पावसाचा परिणाम कुठला आणि बांधावर मारलेल्या तणनाशकाचा कुठला, हे वेगळं काढता येतं. रुई-तरवड जळाले की अळ्यांचा दाणापाणीच तुटतो. म्हणून ज्या दिवशी काहीच दिसलं नाही, त्या दिवशी शून्य लिहायचं. कोरा कागद आणि शून्य यांत फरक आहे. माझ्या मते दुर्मीळ फुलपाखराच्या एका फोटोपेक्षा अशी वही जास्त कामाची.

नोंदी आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या की ओळख तपासायला जाणकार भेटतात. तारीख, जागा आणि शक्य तर पंखांच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्यावेत. दिवाळीच्या आसपास तूर फुलावर आली की तिथेही एक चक्कर मारा. ‘पी ब्लू’ नावाचं नखाएवढं निळं फुलपाखरू फुलांवर अंडी घालताना सापडेल. त्याची अळी शेंगेतले दाणे खाते, तेव्हा शेताच्या मालकासमोर आनंद जरा बेतानेच व्यक्त करावा.